स्थिरीकरण काळ

नव्या निविदेच्या अटी वाचता वाचता रेणुका चौगुले पाचव्या पानावर अडखळली. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावला आणि तेच कलम परत वाचलं. चूक चष्म्याची नव्हती.

‘गाळणीतील खडा जांभ्या मातीचा असावा. तो दोन वेळा भाजलेला असावा. पहिल्यांदा कडक आचेवर व दुसऱ्यांदा मंद आचेवर. दोन्ही भाजण्यांच्या मध्ये तो तुरटीच्या पाण्यात मुरवावा. सविस्तर परिशिष्ट निविदापूर्व बैठकीत देण्यात येईल.’

राज्याच्या शुद्धजल मंडळाची निविदा होती ती. पाण्यातल्या फ्लोराइडनं ज्या गावांतल्या पोरांचे दात पिवळे आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकडी झाली होती, त्या गावांना गाळण्या पुरवायच्या होत्या. ज्याला पुरवायच्या असतील त्यानं असाच खडा बनवावा, असं मंडळ उभ्या जगाला सांगत होतं. आणि हा खडा रेणुकाचा होता. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये, वर्षानुवर्षं हात पोळवून घेऊन बनवलेला. आपल्या घरची आमटी, आपल्याच मसाल्याच्या वासासकट, परक्याच्या पंगतीत वाढली जाताना दिसावी, तसं तिला झालं.

ही कृती दोघींनाच ठाऊक होती. एक ती स्वतः, आणि दुसरी तिची धाकटी जाऊ सारिका.

रेणुकानं मान वर केली. सारिका डोक्याला रुमाल बांधून भट्टीपाशी खडे चाळत होती आणि कुठलंसं गाणं गुणगुणत होती. रोजचंच गाणं. आज ते रेणुकाच्या कानाला खुपलं.

दोघी जावांनी मिळून कारखाना काढला तेव्हा चौगुल्यांच्या भावकीला चघळायला चांगलाच विषय मिळाला होता. जावाजावांचं चार दिवस पटत नाही, भागीदारी कुठली टिकते, म्हणून पैजा लागल्या होत्या. पण पटलं. रेणुका रसायनशास्त्र शिकलेली. तिचं डोकं पुस्तकात. सारिकानं धातुकामाची पदविका केलेली. तिचा जीव भट्टीत. एकीनं विचार करायचा, दुसरीनं तो भाजून बघायचा.

त्यांच्या खड्याचं गुपित तसं समजायला सोपं होतं. पाण्यातल्या फ्लोराइडला ॲल्युमिनियमची भारी ओढ असते; दिसलं की ते त्याला चिकटतं आणि पाणी मोकळं होऊन पुढे जातं. जांभ्या मातीत ॲल्युमिनियम असतंच. माती भाजली की तिच्यातलं पाणी उडून बारीक छिद्रं पडतात आणि फ्लोराइडला बसायला जागा होते. पण जागा पुरेशी होत नव्हती. मग रेणुकाला सुचलं की भाजलेला खडा तुरटीच्या पाण्यात मुरवावा, म्हणजे छिद्रांच्या आतूनही ॲल्युमिनियमचा पातळ थर बसेल. थर बसला, पण पहिल्याच धुण्यात निघून जाऊ लागला. पुन्हा कडक भाजलं तर छिद्रंच बुजली. रेणुकानं हात टेकले, तेव्हा सारिका म्हणाली, “अक्का, भाकरी शेकल्यावर निखाऱ्याजवळ उभी करतोय का नाही आपण? तसंच करू या की.” निवत आलेल्या भट्टीत तिनं खडे पसरले. मंद आचेनं थर पक्का झाला आणि छिद्रंही उघडी राहिली. त्या खड्यानं गाळलेलं पाणी तपासून आलं त्या दिवशी दोघींनी शेडमध्येच मिसळ मागवली आणि रडत रडत खाल्ली. तिखटानं रडतोय असं एकमेकींना सांगत.

पेटंट त्यांनी घेतलं नाही. पेटंट घ्यायचं तर कृती छापून जाहीर करावी लागते, आणि मोठ्या कंपनीनं ती थोडी वाकवून वापरली तर कोर्टात भांडायला वकिलांची फौज लागते. त्यापेक्षा तोंड बंद ठेवलेलं बरं, असं दोघींनी ठरवलं होतं.

मग मंडळाची पहिली निविदा आली, आणि तोंड उघडण्याची वेळ आली. त्या वेळी अडून बसली होती ती सारिकाच.

“अक्का, कृती लिहून द्यायची म्हणजे पोरीचं नाव, गाव, घरचा रस्ता सगळं चव्हाट्यावर लावायचं. मला नाही पटत बघा.”

“कृती दिल्याशिवाय गुण मिळत नाहीत,” रेणुका म्हणाली होती. “आणि आता वाचणारं माणूस नाही. यंत्र आहे.”

यंत्राचं नाव ‘समदृष्टी’. ठेकेदार त्याला ‘सम्या’ म्हणत. पूर्वी निविदा साहेब लोक उघडत, आणि तुमची किंमत आणि कृती संध्याकाळच्या चहाबरोबर तिसऱ्याच्याच टेबलावर जाई. त्यावर उतारा म्हणून सरकारनं समदृष्टी आणलं. निविदा कुलूपबंद यायची, कुलूप फक्त यंत्राच्या पोटात उघडायचं, यंत्रच ती वाचायचं, गुण द्यायचं. मधे माणसाचा हात नाही, डोळा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेणुकानंही वाजवल्या. लाच द्यायला पैसे नसलेल्या माणसाला असं यंत्र देवासारखंच वाटणार, त्यात तिचं काय चुकलं?

तिनं कृती लिहिली. जुन्या रिवाजाप्रमाणे सारिकानं प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असा निळा शिक्का मारला. ठेकेदारीत हा रिवाज बापजाद्यांपासूनचा. पत्त्याच्या पानावर शिक्का, जीएसटीच्या दाखल्यावर शिक्का, शेडच्या फोटोवरसुद्धा शिक्का. एक पान सुटलं तर तेच फुटेल ही भीती. सारिकानं तर धांदलीत कोऱ्या पानावरही शिक्का मारला, आणि मग दोघी हसत सुटल्या. सगळं स्कॅन होऊन गेलं. निकाल आला, ‘उत्पादनक्षमता अपुरी’. काम दुसऱ्याला मिळालं. दोघी हळहळल्या आणि आपल्या खड्याकडे, आपल्या लहानसहान गिऱ्हाइकांकडे वळल्या.

आणि आता ही दुसरी निविदा. तिच्या अटीही समदृष्टीनंच लिहिलेल्या. पण त्या क्षणी रेणुकाच्या डोक्यात यंत्र आलंच नाही. यंत्र कसं फोडेल? फोडतात ती माणसं. सारिकाचा भाऊ हैदराबादला गाळण्या बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत विक्री खात्यात होता, आणि दिवाळीनंतर सारिका त्याच्या मुलाच्या बारशाला आठवडाभर राहून आली होती. येताना रेणुकासाठी मोत्यांचे कानातले आणले होते. महागाचे. हे सगळं रेणुकाच्या मनात एकापुढे एक असं उभं राहिलं की तिला दुसरं काही दिसेना.

“सारिका, हैदराबादला कुणाशी बोललीस?”

“कशाबद्दल?”

रेणुकानं टॅबलेट तिच्यापुढे धरला. सारिकानं वाचलं. तिचा चेहरा उतरला, आणि रेणुकाला वाटलं, पकडली.

“अक्का, हे... हे आपलंच आहे की ओ!”

“तेच विचारतेय. कुणाशी बोललीस?”

सारिकाला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा तिनं हातातली चाळण अगदी सावकाश खाली ठेवली.

“मी बोललो असं म्हणताय तुम्ही?”

“दोघींनाच माहीत होतं. मी तर बोलले नाही.”

“मग राहिलं कोण, मीच!” सारिकाचा आवाज चढला. “मंद आचेचं कुणी काढलं होतं अक्का? माझंच मी विकून आलो होय? आणि कशाला, भावाला बढती मिळावी म्हणून?”

“ते कानातले कुठल्या पैशांचे होते?”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता येण्यासारखं नव्हतं. सारिकानं डोक्याचा रुमाल सोडला, भट्टीचा झोत बंद केला, आणि ती शेडमधून निघून गेली. त्या संध्याकाळपासून चौगुल्यांच्या घरात एका छपराखाली दोन चुली झाल्या. दोघींचे नवरे, दोघे भाऊ, जिन्यात भेटले की क्रिकेटचं बोलत आणि नजर चुकवत. भावकीतल्या पैजा उशिरा का होईना, वसूल झाल्या.

रेणुकानं मंडळाच्या पोर्टलवर तक्रार केली. गोपनीय माहिती फुटल्याची तक्रार करायला तिथे सोय होती, चांगली रंगीत. त्यात एक रकाना होता, ‘माहिती फोडणाऱ्या व्यक्तीचे नाव’. तो भरल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नव्हती. ‘माहीत नाही’ असं लिहिलं तर लाल अक्षरं यायची, ‘कृपया व्यक्तीचे नाव द्या’. रेणुकानं नाव दिलं. सारिका चौगुले. एवढंच टंकलं आणि तक्रार सुळकन निघून गेली.

चार दिवसांत सारिकाला नोटीस आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सरकारी यादीत नोंदलेल्या कुठल्याही कारखान्यात तिला काम करता येणार नव्हतं. कोल्हापूरच्या पंचक्रोशीतले भट्टीचे बहुतेक कारखाने कुठल्या ना कुठल्या सरकारी यादीत होते. म्हणजे आयुष्यात जे एक काम जीव लावून केलं तेच करायची बंदी. तिनं गल्लीतल्या एका बेकरीत ओव्हन सांभाळायला सुरुवात केली. रेणुकाला हे नवऱ्याकडून कळलं. “तुझ्या मनासारखं झालं ना आता?” एवढंच तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

निविदापूर्व बैठक पुण्याला, मंडळाच्या सभागृहात होती. राज्यभरातले पुरवठादार जमले होते. मंडळाचे तक्रार निवारण अधिकारी सोनटक्के दारातच सगळ्यांना नमस्कार करत उभे होते. गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ. समोरच्या पडद्यावर समदृष्टीचं बोधचिन्ह फिरत होतं, आणि यंत्र बाईच्या गोड आवाजात सविस्तर परिशिष्ट समजावून सांगत होतं. रेणुका मागच्या रांगेत दात आवळून ऐकत होती. माती, आच, तुरटी. एकेक शब्द आपल्या अंगावरून काढून घेतल्यासारखा.

“दोन्ही भाजण्यांच्या मध्ये,” यंत्र म्हणालं, “एक पूर्ण दिवसाचा स्थिरीकरण काळ असावा. या काळात भट्टी पूर्णतः बंद ठेवावी.”

रेणुका ताठ झाली. मग उभी राहिली.

“हा दिवस कशासाठी?”

“स्थिरीकरण काळात खड्यातील अंतर्गत ताण निवळतात व फ्लोराइड धरून ठेवण्याची क्षमता वाढते,” यंत्रानं सांगितलं.

“असं कुणी सिद्ध केलंय?”

“उपलब्ध माहितीवरून तसे दिसते.”

आजूबाजूला सगळे भराभर टिपून घेत होते. पुढच्या रांगेतल्या एका पुरवठादारानं हात वर केला. “भट्टी दोन दिवस बंद ठेवली तर जास्त गुण मिळतील का?”

“सकारात्मक विचार केला जाईल,” यंत्र म्हणालं.

आणि रेणुकाला हसू फुटलं. आधी खुदकन, मग आवरेना. माणसं वळून पाहू लागली.

“अहो, तो आमचा सोमवार आहे!” ती ओरडली. “आमच्या वसाहतीत सोमवारी वीज नसते! म्हणून भट्टी बंद असते! दुसरं काही शास्त्र नाही त्यात!”

सभागृहात कुजबुज झाली. यंत्रानं ‘आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद’ म्हटलं आणि ते पुढच्या कलमाकडे वळलं. रेणुका खुर्चीत बसली तेव्हा तिचं हसू गेलं होतं.

पहिल्या निविदेत कामाचं वेळापत्रक द्यायचं होतं. रविवारी पहिली भाजणी, मंगळवारी दुसरी. मधल्या सोमवारी काय लिहायचं? ‘वीज नाही’ असं सरकारी कागदावर लिहिणं तिला गावंढळ वाटलं होतं. आपण किरकोळ माणसं दिसू. म्हणून टेबलाशी बसून तिनं एक भारदस्त नाव बनवलं, ‘स्थिरीकरण काळ’, आणि पुढे लिहिलं, ‘भट्टी बंद’. हे नाव तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सारिकाला तर नाहीच; तिनं शिक्के मारले तेही पानं न वाचताच. सारिका हसून लोळली असती. सारिकानं गुपित विकलं असतं तर सोमवार कशाला विकला असता? तो कृतीत नव्हताच. तो जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेला होता, त्या शिक्के मारलेल्या कुलूपबंद निविदेत. आणि ती निविदा आजवर एकानंच वाचली होती.

बैठक संपायची वाट न बघता ती सोनटक्क्यांच्या खोलीत जाऊन बसली.

सोनटक्क्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग शांतपणे म्हणाले, “ताई, समदृष्टी कुणाची नक्कल करत नाही. तुमचं पान त्याच्यात कुठेही साठवलेलं नाही. हवं तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या.”

आणि हे खोटं नव्हतं. संतापाची गोष्ट अशी की त्यातला शब्दन् शब्द खरा होता. असं यंत्र पान जपून ठेवत नाही. हजारो निविदा वाचताना त्याच्या आत जे असंख्य बारीक बारीक आकडे असतात ते प्रत्येक पानागणिक किंचित हलतात. कुठल्या गोष्टीपुढे कुठली गोष्ट येते, कशाला कशाची जोड असते, याचा अंदाज पक्का होत जातो. पान विसरलं जातं आणि त्यातली अक्कल मुरते. मग पुढची निविदा लिहिताना ते आपल्याला ‘योग्य’ वाटतं ते लिहितं. कुणाचं काय घेतलं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. बरं, फ्लोराइडचं असं काम राज्यात दुसऱ्या कुणी केलंच नव्हतं, म्हणून त्या विषयात त्याला जी अक्कल आली ती सगळी या दोघी जावांची, त्यांच्या वीजकपातीसकट. चोर माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन बोंब मारता आली असती. इथे चोरी झाली होती, माल सापडला होता, आणि चोर म्हणून दाखवायला कुणी नव्हतं.

“पण मी पानापानावर गोपनीय लिहिलं होतं!”

“तिथेच घोटाळा झाला,” सोनटक्के हळहळून म्हणाले. “सगळेच पानापानावर लिहितात. जीएसटीच्या दाखल्यावरही लिहितात. तुमच्या निविदेत तर कोऱ्या पानावरही शिक्का आहे. समदृष्टीनं त्यावरून धडा घेतला की या शिक्क्याला अर्थ नाही, तो कागदाच्या रंगासारखाच. नियमही तसाच आहे. नेमकी ओळ दाखवायची, ती गोपनीय का, याचं कारण द्यायचं. ते नसेल तर माहिती खुली समजली जाते. नियमावलीत आहे, बघा.”

“ही नियमावली कुणी वाचून दाखवली आम्हाला? शिक्का कसा मारायचा ते तुमच्याच कार्यालयातल्या लोकांनी शिकवलं. पान सुटलं तर निविदा बाद करायचे!”

“ते जुने दिवस, ताई.”

“बरं. मग यंत्राविरुद्ध तक्रार घ्या.”

“घेतो ना. त्यासाठी तुमची मूळ कृती पूर्ण तपशिलासह द्यावी लागेल. दोन्ही ताडून बघायला.”

“कोण ताडून बघणार?”

सोनटक्के क्षणभर चहाच्या कपात बघत राहिले. “समदृष्टीच. मानवी हस्तक्षेप नको, असं धोरण आहे.”

रेणुका उठून उभी राहिली. “सोनटक्के साहेब, पूर्वी तुमचा एखादा कारकून माझं गुपित विकायचा. वाईट होतं, पण त्याला विकताना लाज तरी वाटायची, खाली मान घालावी लागायची! पकडला तर निलंबित व्हायचा! आता सगळं जगजाहीर, पडद्यावर, गोड आवाजात. आणि वर तुम्ही मला सांगता की कुणी पाहिलंच नाही!”

“कुणी पाहिलं नाही, ही तर जमेची बाजू आहे, ताई.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. रेणुकाला त्यांचा चहा भिरकावून द्यावासा वाटला. पण तिला आता दुसरीच घाई होती.

“माझ्या आधीच्या तक्रारीतलं नाव काढा. सारिका चौगुले. तिनं काही केलेलं नाही. तुमच्या परिशिष्टातच पुरावा आहे.”

सोनटक्क्यांनी तक्रार उघडली. बराच वेळ खटपट केली. “नाव नुसतं काढता येत नाही. रकाना रिकामा राहत नाही. बदली नाव द्यावं लागतं.”

“समदृष्टी लिहा.”

त्यांनी लिहिलं. लाल अक्षरं आली, ‘कृपया व्यक्तीचे नाव द्या’.

“बघितलंत? त्याला व्यक्तीच लागते. नाहीतर चौकशी चालू राहील. वर्षभर, दीड वर्ष...”

तोवर सारिका बेकरीत पाव भाजणार. ती भट्टी, तो हात, आणि पाव. रेणुकाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. माहिती दोघींना होती. एकीनं ती जिवापाड जपली होती. देऊ नका म्हणून अडून बसली होती. दुसरीनं सुबक मराठीत लिहून, कुलूप लावून, टाळ्या वाजवत स्वतःच्या हातानं यंत्राच्या तोंडात घातली होती. फोडणारी व्यक्ती कोण, असा प्रश्न असेल तर उत्तर अवघड नव्हतं.

“इकडे द्या,” ती म्हणाली आणि कळफलक ओढून घेतला.

तिनं रकान्यात लिहिलं, रेणुका चौगुले.

“अहो, अहो, काय करताय? तुम्ही काळ्या यादीत जाल! पाच वर्षं कुठलीही सरकारी निविदा भरता येणार नाही!”

“तुमच्या त्या रकान्यात एवढं एकच नाव खरं बसतं. बसू दे.”

तिनं कळ दाबली. या वेळी लाल अक्षरं आली नाहीत. पडद्यावर हिरवा चौकोन उमटला, ‘आपली तक्रार निकाली निघाली आहे. समदृष्टीच्या सेवेला किती तारे द्याल?’

सोनटक्क्यांनी चटकन तो चौकोन बंद केला.

निविदेचं काम पुढे हैदराबादच्या त्याच बड्या कंपनीला मिळालं. सारिकाच्या भावाचा त्यात काही संबंध नव्हता. तो बिचारा विक्रीच करत राहिला. कंपनीनं अटीबरहुकूम खडा बनवायला घेतला आणि आठवड्यातून एक दिवस भली मोठी भट्टी बंद ठेवली, कारण शास्त्र तसं सांगत होतं. रेणुकाकडे गावोगावच्या ग्रामपंचायतींची निविदा न लागणारी फुटकळ कामं तेवढी राहिली. ती एकटीच भट्टी लावायची. आच तिला साधत नव्हती. घाण्यामागून घाणा करपत होता.

एका सकाळी शेडच्या दारात सावली पडली. सारिका होती. हातात फोन, त्यावर मंडळाचा संदेश उघडलेला. तिच्यावरचा ठपका उठला होता, आणि खाली दोषी व्यक्तीचं नाव होतं.

“हे कुणी केलं?” सारिकानं विचारलं.

“मी.”

“का?”

“खरं ते लिहिलं. गुपित मीच दिलं होतं त्यांना. तू नको म्हणत होतीस.”

रेणुकानं सोमवारची सगळी गोष्ट सांगितली. एरवी सारिका हसून लोळली असती. ती हसली नाही. करपलेल्या खड्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली.

“तुझ्या पाया पडायला हवं मी,” रेणुका म्हणाली. “माझी मती फिरली होती. त्या मेल्या यंत्रानं...”

“यंत्राचं राहू दे,” सारिका म्हणाली. “एक सांगा. त्या रकान्यात माझं नाव लिहिताना हात थांबला होता का?”

खोटं बोलता आलं असतं. त्या घटकेला थोडं खोटं दोघींनाही हवंच होतं.

“नाही,” रेणुका म्हणाली.

“जरासाबी नाही?”

“नाही.”

सारिकानं मान हलवली. बाहेर ट्रकमधून कुणीतरी लोखंड उतरवत होतं, त्याचा खणखणाट होत राहिला. मग तिनं फोन खिशात घातला, खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधला आणि भट्टीचं दार उघडून आत डोकावून पाहिलं.

“आच फार करालाय. सगळा माल वाया घालवलाय.”

रेणुकाचा जीव भांड्यात पडला. “आलीस ना परत? ये गं. तुझ्याशिवाय इथं...”

सारिकानं तिच्याकडे वळून पाहिलं नाही. झोत कमी केला, चाळण उचलली, आणि पंधरा वर्षांत एकदाही ‘अक्का’शिवाय हाक न मारलेल्या त्या बाईनं अगदी सरळ आवाजात विचारलं, “मॅडम, तुरटी कुठं ठेवलीया?”

रेणुकानं बोटानं कोपरा दाखवला.